बाई संपतच नाहीत

खालच्या रांगेतला डावीकडचा एक दात जरा वाकडा होता — मुद्दाम तसा केलेला, की मूळ माणसाचाच तसा, कुणास ठाऊक — आणि बोटानं चाचपलं तर बाकीच्यांपेक्षा किंचित पुढं आलेला लागत होता, गर्दीत कुणीतरी टाचा उंचावून पाहावं तसा. प्लॅस्टरचा जबडा. पांढराफटक, थंडगार, तळहातात बरोबर मावणारा. मागे पितळेची बारीक बिजागरी. दाबलं की मिटायचा, सोडलं की आ वासायचा. तिनं तो मिटवला, उघडला, पुन्हा मिटवला. चहाच्या कपाशेजारी ठेवला तेव्हा आता हा चहा मागतो की काय असं वाटलं, आणि तिला एकटीलाच हसू आलं.

"कुणाचे दात पाडून आणलेस?" आईनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"शाळेसाठी आहे. आज शरीराचे अवयव शिकवायचेत. इंग्रजीतून."

आई जवळ आली, जबडा उचलून उलटासुलटा केला, आणि नकळत स्वतःची कवळी जिभेनं जरा सारखी केली. "दवाखान्यातल्या त्या माणसाचं काम दिसतंय. काही म्हण, हात हलका आहे हो त्याचा. एवढे दिवस झाले, पण मला एकदा टोचलं नाही."

ती चहात बघत राहिली. आईच्या तोंडात त्याचीच कवळी होती. आई हसायची ती त्यानं बनवलेल्या दातांनी, शेजारणीशी वाद घालायची तीही त्याच दातांनी… घरात इतका वावर असलेला माणूस, आणि तरी काल संध्याकाळी तो जे बोलला ते मला या बाईला सांगता येत नाही. कारण सांगितलं की ही आधी आनंदेल, आणि मग तिच्याही डोळ्यांसमोर ते चित्र येईल — रस्त्यानं चाललेले दोघं, मी आणि माझ्या खांद्याला जेमतेम लागणारा तो — आणि मग ही नुसती ओट्यावरचं पुसलेलं पुन्हा पुसेल.

काल संध्याकाळी. शाळेतून घरी येताना दातांचा दवाखाना लागतो, त्याच्या मागच्या अंगाला त्याची ती चिंचोळी खोली; तिथं बसून तो कवळ्या बनवतो. आईच्या कवळीच्या निमित्तानं ओळख झाली आणि मग निमित्त संपलं तरी ती पाच-दहा मिनिटं तिथं थांबू लागली होती. दार इतकं ठेंगणं की ती मान वाकवून चौकटीतच उभी राहायची. वर्गासाठी दातांचं काहीतरी द्याल का, असं तिनं विचारलं होतं, त्यानं हा जबडा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, दोरा बांधला, दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, आणि दोऱ्याकडंच बघत म्हणाला, "मला वाटतं, आपण लग्न करावं. तुम्हाला वाटत असेल तर." आणि मग फारच बोलून गेल्यासारखा लगेच, "बिजागरीला तेल घातलंय. करकरणार नाही."

ती चौकटीत वाकलेली तशीच. "विचार करून सांगते," असं कुणीतरी म्हणालं. ते तीच होती.

"उद्या संध्याकाळी जबडा परत लागेल मला," तो म्हणाला. "तेव्हा सांगा. नाही सांगावंसं वाटलं तर नुसता जबडा द्या, मी समजेन."

"ताठ बस गं," आई म्हणाली. "पोक काढून चहा प्यायला कुणी शिकवलं तुला?"

तूच की. पण हे ती बोलली नाही. शाळेत असताना उंची वाढायला लागली आणि थांबेचना, तेव्हा आई फोटोच्या वेळी हळूच तिच्या पाठीवर हात ठेवायची — जरा खाली हो. चुलत बहिणींच्या रांगेत जरा गुडघ्यात वाक. वर्गात शेवटच्या बाकावर, फोटोत मागच्या ओळीत, बसमध्ये दांड्याखाली मान घालून… मुलं 'शिडी' म्हणायची. लग्नाचं दोन ठिकाणी जमत आलं होतं, दोन्हीकडं सगळं पसंत पडूनही उंचीवर अडलं, आणि तिसऱ्याची वाट तिनंच बघितली नाही. आता चाळिशी आली तर आईला वाटतं, पाठ दुखेल, ताठ बस. मी नेमकं किती असायचं, ते एकदा ठरवून सांगा बाई कुणीतरी.

तिनं जबडा पुन्हा कागदात गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

*

पहिलीच्या वर्गात शिरताना मात्र तिला वाकायचं कारण नसायचं — वर्गात सगळे इतके बुटके की कुणापेक्षा किती उंच हा प्रश्नच उरायचा नाही, डोंगरानं कशाला मोजून घ्यावं. ती आत आली की एकच गलका व्हायचा आणि तिच्या गुडघ्यांभोवती डोकी जमायची. त्यांत एक होती शंकासुरी — हे नाव शिक्षकांच्या खोलीत पडलेलं — दोन घट्ट वेण्या, आणि दर वाक्याच्या शेवटी 'का?'. एक होता मोटार; तो बाकापासून फळ्यापर्यंत कधी चालत आला नव्हता, गिअर टाकत यायचा, ब्रेक लावायचा.

"आज आपण काय शिकणार?" तिनं विचारलं आणि आपल्या नाकाला बोट लावलं. "नोज."

"नोज," वर्ग म्हणाला, सगळी बोटं सगळ्या नाकांवर. एक-दोन बोटं नाकात गेली, ती तिनं नजरेनंच बाहेर काढली.

"इअर." कान. "चिन." हनुवटी. "आय."

"आय?" मोटारनं ब्रेक लावला. "माझी आजी तिच्या आईला आय म्हणायची."

"हो, पण हा आय म्हणजे डोळा."

"पण बाई," शंकासुरी उभी राहिली, "परवा तुम्ही सांगितलं आय म्हणजे मी."

"तोही आय."

"म्हणजे डोळा पण आय, मी पण आय आणि याच्या आजीची आई पण आय?"

"…हो."

"का?"

कधी कधी तिला वाटायचं, ही मुलगी मोठेपणी न्यायाधीश होईल आणि सगळ्या वकिलांना रडवेल. का? — खरंच का. तिनं एवढी वर्षं शिकवलं पण डोळा, मी आणि आई अशी एका ओळीत उभी राहिलेली तिनं कधी पाहिली नव्हती. डोळ्यानं बघणारी मी, आणि मी स्वतःला बघते ते आईच्या डोळ्यांनी… असलं काहीतरी मनात सरकत गेलं, पण सहा वर्षांच्या माणसाला हे कसं सांगणार. "त्यांच्याकडं शब्द कमी पडले असतील," ती म्हणाली, आणि वर्गाला ते एकदम पटलं.

मग जबडा निघाला. तिनं तो कागदातून सोडवला, फळ्यापुढं धरला, दाबला, सोडला. वर्ग एकदम खिदळला. "वन टूथ," ती म्हणाली, त्या वाकड्या दाताला बोट लावून, "आणि सगळे मिळून टीथ." जबडा हातोहात बाकांवरून फिरला, प्रत्येकानं तो मिटवला आणि उघडला, दोघांनी आपलं बोट त्यात अडकवून ओरडल्यासारखं केलं, एकीनं त्याला आपल्या डब्यातला घास दाखवला. तिचं लक्ष सारखं बिजागरीकडं. खरंच करकरत नव्हती.

"आता हात वर."

हातांचं रान उभं राहिलं.

"हे बघा, इंग्रजीत हाताचे दोन भाग. इथून बोटांपर्यंत" — मनगटावर तिनं दुसऱ्या हाताची कड ठेवली, कापल्यासारखी — "हँड. आणि इथून वर खांद्यापर्यंत, आर्म."

"म्हणजे ते हात तोडतात?" मोटार काळजीनं म्हणाला.

"तोडत नाहीत. नावं वेगळी."

"मग आई म्हणाली, रस्त्यात हात दे, तर कुठला द्यायचा?"

"हँड द्यायचा."

"आणि आर्म?"

"तो मागनं येतोच."

पोरं हसली. तीही हसली, आणि हसता हसता मनातून काहीतरी घसरलं… लोक म्हणतात ना, अमक्यानं तमकीचा हात मागितला. तो कुठवरचा? मनगटापर्यंतचा मागितला आणि मग खांदाही मागनं आला, आणि खांद्यावर ही एवढी लांब मान, आणि खाली हे न संपणारे पाय — त्यानं हे सगळं धरून मागितलंय का? त्याला नक्की दिसलंय का मी केवढी आहे ते? तो तर नेहमी स्टुलावर बसलेला. आणि मी नेहमी त्याच्या दारात वाकलेली…

"बाई, बोट म्हणजे होडी ना?"

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत. माझा काका बोटीवर आहे."

"इंग्रजीत बोट म्हणजे होडी, बरोबर. आपलं बोट म्हणजे फिंगर."

मोटारनं आपली दहाच्या दहा बोटं बाकावर पसरली आणि हळूहळू ती समुद्रात सोडली, एकेक करून, तोंडानं भोंगा वाजवत. मग सगळ्याच बाकांवर समुद्र आला. आता हे लवकर आवरत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं आवरलंही नाही.

"बाई," शंकासुरीचे दोन्ही हात एकत्र येऊन पुढं झाले होते, तळवे वर, कडा जुळलेल्या. "ह्याला काय म्हणतात?"

ओंजळ. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं, अगदी त्या जबड्यासारखं. शब्द येईना. दोन-तीन शब्द जोडून सांगता आलं असतं, पण त्या एवढ्याशा हातांच्या खोबणीत बसेल असा एक शब्द… "त्यांच्याकडं नाहीये," तिनं शेवटी कबूल केलं.

"मग ते नळाचं पाणी कशात पितात?"

"ग्लासात."

शंकासुरीनं आपल्या रिकाम्या ओंजळीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्या दूरच्या लोकांबद्दल खरीखुरी दया होती.

*

डबे खाऊन झाल्यावर खाकी कागदाची गुंडाळी निघाली. कागद जमिनीवर पसरायचा, त्यावर एका मुलाला झोपवायचं, बाकीच्यांनी रंगीत पेननं त्याच्याभोवती रेघ ओढायची; मग त्या आकृतीवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. दरवर्षीचं ठरलेलं. फक्त दरवर्षी कुणीतरी एक शहाणं मूल गुपचूप झोपायचं. यंदा सगळा वर्गच कागदावर आडवा झाला. मग ढकलाढकली, मग एकाचं रडं, मग तू मागच्या वेळी झेंडा धरला होतास, असली जुनी उणीदुणी.

"उठा. सगळे उठा. असं कुणीच झोपणार नाही."

"तुम्ही झोपा ना बाई," शंकासुरी म्हणाली. "मग कुणी भांडणार नाही."

वर्ग थांबला. रडणाराही थांबला, आपली पाळी गेल्याचं विसरून.

"मी नाही मावायची," ती म्हणाली.

पटकन म्हणाली, विचार न करता, कारण हे वाक्य तिच्या तोंडात कायम तयार असायचं. रिक्षात मागे तिघी बसायच्या तेव्हा — मी नाही मावायची. मामाच्या घरी गादीवर, बहिणीच्या लग्नात फोटोत, मैत्रिणीच्या छत्रीत… लोक म्हणायच्या आत आपण म्हणून टाकलेलं बरं.

"मग अजून कागद घेऊ," शंकासुरी म्हणाली.

एवढंच. यात विशेष काय आहे, अशा आवाजात. आणि लगेच दोघा-तिघांनी गुंडाळी ढकलली, ती भिंतीपर्यंत उलगडत गेली. तिच्या इतक्या वर्षांच्या अडचणीवर हा इतका साधा उपाय होता आणि तो कुणालाच सुचला नव्हता… मला तरी कुठं सुचला. ती उभी होती, हातात चिठ्ठ्या, आणि खाली वीस-पंचवीस तोंडं वर करून वाट पाहणारी. तिनं चपला काढल्या. बसली. मग पाठ टेकली, एकेक मणका टेकत गेला आणि खालची फरशी कागदातून गार लागली.

किती दिवसांत ती अशी सरळ पडली नव्हती. घरी खाट लहान; गुडघे मुडपून, कुशीवर झोपायची सवय. पाय लांब केले तर ते जातच राहिले.

वर छत होतं. कडेला रंगाचा पोपडा सुटलेला. बाबांना तो दिसला असता तर त्यांनी मान हलवली असती — बाबा रंगारी, ताडमाड, छताची कड शिडीशिवाय रंगवणारे. एकदा कुणाच्या तरी रिकाम्या घरात त्यांनी तिला खांद्यावर घेतलं होतं, हातात छोटा ब्रश दिला होता. तिनं कोपरा रंगवला, आणि खोलीत खाली रंगाचा उग्र वास कोंडलेला असताना वरच्या झरोक्यातून तिच्या तोंडावर वारा आला. "बघ," बाबा खालून म्हणाले होते, "आपल्याला वरची हवा फुकट मिळते." हे ती पार विसरली होती. कसं विसरले मी हे. बाबा गेल्यावर त्यांची उंची जणू एकट्या तिलाच निस्तरायला मागे राहिली, आणि तिनं ती वरची हवा कधी खाल्लीच नाही…

"हलू नका बाई," कुणीतरी दरडावलं. आवाज हुबेहूब तिचाच.

रेघ डोक्यापासून निघाली. कानाशी पेनचा फरफर आवाज, मानेजवळ कुणाचा तरी गरम श्वास, डब्यातल्या लोणच्याचा वास. खांदा वळला. बाहू, कोपर, मनगट. बोटांच्या मधल्या फटींतून पेन आत-बाहेर गेलं, एकेका बोटाला वळसा घालत. पाच-सहा जणं तिच्याभोवती गुडघ्यांवर, जिभा बाहेर काढून, कुणीतरी महत्त्वाचा नकाशा काढावा तशी. काखेशी पेन आलं आणि तिला गुदगुल्या झाल्या. तिनं ओठ दाबले, तरी हसू फुटलंच. सगळं अंग हललं, रेघ वाकडी गेली, आणि पोरं आधी रागावली, मग तीही हसत सुटली, आणि एकदा हसू सुटल्यावर ते कुणाचं कुठं संपतंय ते कळेना.

"अहो बाई! पडलात की काय?"

दारात मोठ्या बाई. हातात चष्मा.

"नाही," तिनं जमिनीवरूनच सांगितलं. "शिकवतेय."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि तिच्याकडं डोक्यापासून बघायला सुरुवात केली. नजर पायांपर्यंत पोचायला जरा वेळ लागला. "शिकवा, शिकवा," त्या म्हणाल्या आणि जाता जाता पुटपुटल्या, "कागद मात्र मोप लागणार."

"अजून आहेत," तिच्या गुडघ्याशी मोटारची वर्दी आली. त्याच्याकडं डाव्या पायाची बाजू होती, आणि तो रेघ ओढता ओढता इंजिनाचा आवाज काढत होता.

"अजून?" पलीकडून.

"अजून."

"माझं पेन संपलं."

"दुसरं घे. अजून खूप आहेत." मग मोटारचा आवाज आला, आता इंजिन बंद, नुसता नवलानं भरलेला: "बाई संपतच नाहीत."

हे त्यानं कसं म्हटलं… तक्रार म्हणून नाही. डब्याच्या तळाशी आणखी एक वडी निघावी, सुट्टी आणखी एक दिवस वाढावी, तसं. आणि तो शब्द वर्गभर फिरला — संपतच नाहीत, बाई संपतच नाहीत — आणि ती तिथं आडवी, डोळे छताला, आणि डोळ्यांच्या कडांतून काहीतरी कानांकडं ओघळलं. पुसायला हात हलवायची परवानगी नव्हती. ओघळू दिलं. दुःख होतं म्हणावं तर छातीत गुदगुल्या अजून चालूच होत्या.

ती उठली तेव्हा कागदावर एक बाई पडलेली होती. प्रचंड. काखेत रेघ वाकडी, एका हाताला सहावं बोट आल्यासारखं, पण सरळ — कुठंही वाकलेली नाही, मान खाली घातलेली नाही. पोरांनी तिला डोळे काढले, नाक काढलं, तोंड काढलं, आणि जबड्यावर इतका वेळ घालवल्याचं चीज म्हणून तोंडात मावतील त्यापेक्षा जास्त दात काढले. मग चिठ्ठ्या. नेक. शोल्डर. एल्बो. 'नी'च्या चिठ्ठीवर शंकासुरी अडली. तिला अक्षरं लागायला लागली होती.

"ह्याच्यात पहिला के आहे. के म्हणायचा नाही?"

"नाही. तो नुसता उभा राहतो. बोलत नाही."

"का?"

"सवय लागलीय त्याला," ती म्हणाली. शंकासुरीनं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, त्या उंच गप्प अक्षराकडं बराच वेळ पाहिलं, आणि मग हळूच, त्याला बरं वाटावं म्हणून, "क्नी," असं म्हणून ती गुडघ्यावर चिकटवली. बाईंनी दुरुस्त केलं नाही. उद्या करता येईल.

सगळ्या चिठ्ठ्या लागल्या, एक उरली. 'बॅक'. मोटार ती घेऊन आकृतीभोवती दोन चकरा मारून आला.

"बाई, पाठ कुठंय?"

"तूच शोध."

त्यानं कागदाची कड उचलली, खाली वाकून पाहिलं, आणि आडवा होऊन कागदाखाली घुसला. कागदाचा फुगा सरकत सरकत गेला, पोटाच्या मागे थांबला, आतून थापट्या आल्या. बाहेर निघाला तेव्हा केस विस्कटलेले. "लावली," तो म्हणाला. "आता दिसणार नाही, पण आहे."

मग तिनं तो कागद भिंतीवर लावला, फळ्याच्या वरच्या कडेपासून, स्टूल न घेता. तरीही त्या बाईचे पाय जमिनीवर आले आणि तिथून पुढं थोडे वर्गात शिरले. पोरं ओळीनं येऊन तिच्या पावलांवर उभी राहून पाहू लागली.

*

संध्याकाळी दवाखान्यामागच्या खोलीत दिवा लागलेला होता. तो कवळी घासत होता. तिला पाहून मशीन बंद केलं, तोंडावरचा मास्क खाली ओढला. गालांवर गुलाबी भुकटी.

ती दाराशी थांबली. मग चौकटीखालून वाकून आत आली, आणि आत आल्यावर सरळ उभी राहिली. एवढ्या दिवसांत ती आत कधी आलीच नव्हती. आतलं छत चांगलं उंच होतं. तोही स्टुलावरून उठला, आणि मग दोघं समोरासमोर उभे. त्याला मान वर करावी लागली. त्यानं केली, नेहमीच्या कामासारखी, उजेडात काहीतरी नीट बघायला करतात तशी.

"जबडा," ती म्हणाली, आणि कागदात गुंडाळलेला जबडा टेबलावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विझलं. नुसता जबडा दिला तर समजेन, असं म्हणाला होता ना तो. "थांबा," ती घाईनं म्हणाली. "नुसता नाही दिलेला."

"बरं," तो म्हणाला, आणि थांबला.

"आज मुलांनी माझ्याभोवती रेघ ओढली. जमिनीवर झोपवून. एक जण म्हणाला, बाई संपतच नाहीत."

तो हसला नाही. "खरंय त्याचं," म्हणाला.

"तुम्ही मला कायम वाकलेलीच पाहिलंय."

"मी तुम्हाला रस्त्यावरूनही पाहतो. खिडकी आहे इथं." त्यानं बोटानं दाखवली. "बसमधून सगळे उतरतात तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या वर दिसता. मला शोधावं लागत नाही."

खिडकी तिनं कधी पाहिलीच नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यात, हातभर, काचेवर भुकटी आणि भुकटीत मध्ये पुसलेला गोल.

"लोक हसतील," तिला म्हणायचं नव्हतं तरी ती म्हणाली. "आपण दोघं चाललो तर."

"हसू देत." त्यानं हात पुसले. "हसले तर दात दिसतील. माझा धंदाच तो आहे."

आणि तिला इतकं हसू आलं की टेबलाची कड धरावी लागली. कवळ्यांची रांगच्या रांग थरथरली, त्यानं दोन्ही हातांनी ती सावरली, आणि तोही हसला. त्याचे स्वतःचे दात अगदी साधे होते, एक जरा किडलेलाही. मग हसणं ओसरलं आणि खोलीत फक्त दिव्याची बारीक घरघर राहिली.

"मी आज सांगत नाही," ती म्हणाली. "नाही म्हणत नाहीये. पण आज सांगत नाही. चालेल?"

"चालेल की," तो म्हणाला. "माझ्याकडं जबडे पुष्कळ आहेत. रोज एक न्या."

ती बाहेर पडली. घराकडची बस समोरच उभी होती, ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं मान हलवली. तिनं हातानंच नाही म्हटलं. बस गेली. ती चालायला लागली. हवेत भट्टीतल्या पावाचा वास होता, दुकानांचे दिवे एकेक करून लागत होते, माणसं घरी परतत होती. थोडं पुढं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ती माणसांना मागे टाकत चाललीय. एकाला, मग दोघींना, मग एका सायकल ढकलत नेणाऱ्याला. ती अशी कधी चालली नव्हती — आईबरोबर चालायचं तर आईच्या पावलानं, मैत्रिणींबरोबर त्यांच्या, आणि एकटी असली तरी तीच आखडती पावलं, जणू शेजारी सतत कुणीतरी बुटकं चाललंय. आणि आता पाय आपले आपण ढांगा टाकत होते. हात झुलत होते, पूर्ण झुलत होते, हँड आणि आर्म दोन्ही. पोटात भूक लागली होती. काय सांगायचं, हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. सकाळी ते एका ओझ्यासारखं ठाऊक नव्हतं, आता मात्र ते ठाऊक नसणंही चालता चालता हलकं लागत होतं, उद्या सुट्टी आहे की नाही हे माहीत नसताना लहानपणी लागायचं तसं… त्याच्याबरोबर चालायचं तर पावलं पुन्हा आखडावी लागतील का? का तो भराभर चालेल? का दोघं वेगवेगळ्या वेगानं चालतील आणि कोपऱ्यावर एकमेकांसाठी थांबतील? हे तर त्याला विचारायलाच हवं. मी हे त्याला विचारीन, उद्या किंवा परवा, असं मनात म्हणताना तिला कळलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती कुणाला तरी काही विचारायला निघालीय, नाही म्हणायला नव्हे.

तिची गल्ली आली. आईनं दिवा लावलेला दिसत होता. ती वळली नाही. अजून एक चक्कर, मनात म्हणाली, फक्त चौकापर्यंत — आणि ढांग टाकली, आणखी एक, आणि आणखी…